समोर बसलेला माणूस

(सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. विषय आमचा आम्हीच निवडावा असे चिटणीस सांगत होते, आणि तेवढ्या अवधीत त्यांच्या खिशातला मोबाईल तीनदा वाजला. विषयाचा शोध तेथेच संपला. शासकीय मराठीत याला भ्रमणध्वनी म्हणतात. आम्ही सरकारी नोकर असलो तरी आज मोबाईलच म्हणू.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. या यंत्राची निंदा करण्याचा अधिकार घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जरा कमीच आहे. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी गाझियाबाद मेरठपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. त्या सुमारास येथे आलेली आपली वडीलधारी मंडळी गावाकडे बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळत बसत. आम्ही १९९४ साली येथे आलो तेव्हा एस.टी.डी. बूथ झाले होते. रात्री दर उतरले की बूथपुढे रांग लागे. वाईला आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानात फोन करून आईला बोलवा म्हणून सांगावे, ठेवून द्यावा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावावा. यंत्रावरचे तांबडे आकडे पळत असत. तीन मिनिटांत आईची प्रकृती, पाऊसपाणी आणि बहिणीच्या लग्नाची बोलणी उरकावी लागत. परंतु त्या तीन मिनिटांत त्या आकड्यांखेरीज आमचे लक्ष दुसरीकडे कोठेही जात नसे. आईचा उसासासुद्धा ऐकू येई.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर बोलून आपल्या देशात या युगाचा आरंभ केला. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे हे यंत्र बाळगणारा मनुष्य वाजले तरी घाबरत असे. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, पुढे बोलणेही जवळजवळ फुकट झाले, आणि तेव्हापासून आपले वर्तन बिघडत गेले असे आमचे मत आहे. पैसे पडत होते तोवर आपण बोलत होतो. आता केवळ वाजत असतो.

सकाळी शहीद स्थळ स्थानकावरून मेट्रोत बसावे. मोठ्याने गाणी लावू नयेत अशी सूचना होत असते आणि तिच्यावर ताण करून शेजारचा गृहस्थ चित्रफीत पाहत असतो. दुसरा एकजण घरच्या भांडणाचा वृत्तांत साऱ्या डब्याला ऐकवतो. तिसरा ‘बस, पहुँच ही गया’ असे छातीठोकपणे सांगतो, तेव्हा दिलशाद गार्डनही आलेले नसते. या असत्यकथनाची आता आम्हांस मौज वाटू लागली आहे. मौज वाटत नाही ती समाचाराला गेलेल्या घरी. समोर नुकताच ज्याचा भाऊ गेला तो मनुष्य बोलत असतो, आणि आलेल्यांपैकी एकाचा अंगठा मांडीवरच्या काचेवर वर-खाली फिरत असतो. त्या अंगठ्यात द्वेष नसतो, अवहेलनेचा हेतूही नसतो. पण बोलणाऱ्याच्या नजरेस तो पडतो, आणि तो बोलणे आवरते घेतो.

आपण नाट्यवेडे लोक. जुलै २०१९ मध्ये नाशिकला ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग चालू असता प्रेक्षागृहातील फोनच्या उपद्रवामुळे सुमीत राघवन यांना तो मध्येच थांबवावा लागला. त्याच सुमारास ‘अश्रूंची झाली फुले’ करणारे सुबोध भावे यांनीही, असेच चालणार असेल तर नाटकात काम करणेच सोडावे लागेल, असा उद्वेग प्रकट केला. नाट्यगृहांत जॅमर बसवावेत अशी सूचना मग मुंबई महानगरपालिकेत पुढे आली. आता जॅमर म्हणजे काही पंखा नव्हे. त्यास केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाची अनुमती लागते. एका प्रेक्षकाने एक बटण दाबायचे, ते त्याच्याने होत नाही म्हणून फाईल दिल्लीपर्यंत चालवावी, हे आम्हांस सरकारी नोकर असूनही चमत्कारिक वाटले.

असभ्यता एक वेळ पोटात घालता येते. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मसुरीजवळ रेल्वेमार्गावर उभे राहून मोबाईलवर चित्रफीत घेत असलेली तीन तरुण माणसे गाडीखाली सापडून गेली. हातातल्या काचेत गाडीचा उजेड त्यांना दिसला असेल की नाही, हा विचार मनातून जात नाही. हिंडनच्या पुलावर रोज पाहावे: हेल्मेटात फोन खुपसून, मान वाकडी करून स्कूटरी धावत असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, वाहन चालवताना हाती फोन धरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडले आणि दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत गेला. मान मात्र अद्याप सरळ झालेली नाही.

आता इतरांचे पुरे. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे राहावयास आले. डिसेंबरचे धुके, भाषा अनोळखी, खाली उतरावे तर ओळखीचे कोणी नाही. दिवसभर ते आमची वाट पाहत. आम्ही घरी येऊन चहा घेत असू आणि कार्यालयाच्या समूहावर आलेले संदेश वाचत असू. अण्णा काही सांगू लागत. आम्ही ‘हं’ म्हणत असू. हा ‘हं’ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एके संध्याकाळी आमचा फोन वाजला. पाहतो तो अण्णांचे नाव. ते समोरच्याच खुर्चीवर, शाल गुंडाळून, फोन कानाला लावून बसले होते. म्हणाले, “साहेब मोकळे आहेत का? एक विचारायचं होतं.”

आम्ही हसलो. तेही हसले. सौभाग्यवती मात्र हसल्या नाहीत. विचारायचे होते ते इतकेच, की संक्रांतीपूर्वी परतीचे तिकीट मिळेल का. ही गोष्ट ते चार दिवसांपासून सांगत होते आणि आम्ही चार दिवस ‘हं’ म्हणत होतो. तिकीट काढून दिले. अण्णा पुन्हा गाझियाबादला आले नाहीत. पुढच्या श्रावणात ते गेले. आमच्या फोनमध्ये त्या संध्याकाळच्या कॉलची नोंद बरेच दिवस होती, कालावधी अठरा सेकंद.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती शाळेसाठी फोन आले ते सुटेनात, म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने असा शिरस्ता घातला की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहावेत. आरंभी लोकांना हे हास्यास्पद वाटले. मग शिक्षक, अंगणवाडीच्या बाया घरोघर फिरल्या. ते वृत्त वाचले तेव्हा आम्हांस प्रथम आठवले ते हे, की अण्णा बोलावयास लागत ते बहुधा सातच्याच सुमारास.

आमच्या सदनिकेत भोंगा वाजवता येणार नाही, शेजारी पोलिसांत जातील. आम्ही जुना पितळी डबा काढला आहे. संध्याकाळी दीड तास फोन त्यात असतात. मुलगी सुटीत येते तेव्हा कुरकुर करते, आणि चिरंजीवांनी दोनदा डबा उघडलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. एकदा आम्हीही उघडला.

आता पडदा वर जावयाचा आहे आणि आपण सर्व नाटकासाठी आला आहात, आमच्यासाठी नव्हे, हे आम्ही जाणतो. आमचा फोन सौभाग्यवतींच्या पर्समध्ये बंद करून ठेवलेला आहे. कार्यालयातून कोणास अगदीच निकड भासली, तर त्यांनी मध्यंतरापर्यंत थांबावे.