ट्रेलर लावा, बस पकडा

अमेरिकेच्या मेन राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्यावर अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. मोटारीमागे ट्रेलर ओढत तिथे जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: कॅडिलॅक डोंगराच्या माथ्यावर ट्रेलर नेऊ देत नाहीत, आणि वाटेतले काही दगडी पूल ठेंगणे आहेत. तेव्हा उद्यानातल्या ब्लॅकवुड्स या मुक्कामाच्या तळावर चाकांखाली ठोकळे सरकवायचे आणि उन्हाळ्यातली फुकट बस धरायची. तळावर वीज-पाण्याची जोडणी नाही. टाकी आधीच भरून घ्यावी.

खरी गंमत उद्यानाशेजारच्या बार हार्बर गावात. पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, समोरच्या बेटाकडे जाणारी वाळू-गोट्यांची वाट उघडी पडते. त्या वाटेवर गाडी मात्र लावू नका; भरतीने अशा गाड्या बुडवलेल्या आहेत!