परत आल्यानंतरचे तीन आठवडे
(मंदिराच्या ज्येष्ठ मेळाव्यात सेवा समितीच्या वतीने केलेलं भाषण)



आरती झाली आहे, चहाला अजून वीस मिनिटं आहेत. समितीने मला तेवढाच वेळ दिला आहे आणि चहाच्या आड येण्याची माझी हिंमत नाही. तेव्हा थेट विषयाला येते.

दरवर्षी आपल्यापैकी पुष्कळ जण दसरा झाला की भारतात जातात. कुणी दिवाळीला, कुणी लग्नाला, कुणी कार्तिकी एकादशी पंढरपूरला करायची म्हणून, कुणी नुसतंच घर उघडून, झाडून, वीजबिल भरून यायला. नोव्हेंबरच्या शेवटी सगळे परत येतात. म्हणजे अगदी आत्ता. आज हात वर करायला सांगितलं तर निम्मं सभागृह वर करील. मीसुद्धा करीन, मला येऊन दहाच दिवस झालेत.

जाताना आपण तीन महिने तयारी करतो. यादी असते, बॅगा दोनदा वजन करून होतात. परत येण्याची तयारी मात्र कुणी करत नाही. विमान हीथ्रोला उतरलं की प्रवास संपला असं आपण धरून चालतो. सेवा समितीच्या फोनवर वर्षभरात जे फोन येतात, त्यातले काळजीचे फोन या दिवसांत जास्त येतात. म्हणून आज हा विषय घेतला.

पहिली गोष्ट झोपेची. हिवाळ्यात भारत आपल्या साडेपाच तास पुढे असतो. त्यामुळे रात्री तीनला आपण टक्क जागे. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. कुकरच्या शिट्ट्या, दूधवाला, कामवाल्या मावशी, सगळं घर जागं असतं, आणि आपलं शरीर अजून त्याच घरात असतं. मग आपण त्यांना फोन करतो. ते बोलतात, बरं वाटतं. खरी अडचण संध्याकाळी येते. इथे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. सहा वाजता काळोख गुडुप झालेला असतो, घरात आपण एकटे, आणि तिकडे साडेअकरा वाजून गेलेले. सगळे झोपलेले. ज्या घरात महिनाभर बारा माणसं जेवायला बसत होती, त्या घरातलं कुणीही त्या वेळी फोन उचलणार नाही. ही सहा ते नऊची वेळ फार जड जाते. आपल्यातल्या एक काकू मला म्हणाल्या, "मी सहालाच जेवून झोपते गं, म्हणजे संध्याकाळ दिसत नाही." सहाला झोपलं की रात्री दोनला जाग येणार, अंधारात उठणार, अर्धवट झोपेत जिना उतरणार. पडण्याचं भय तिथेच असतं. त्यामुळे कितीही डोळे मिटले तरी साडेनऊपर्यंत रेटायचं. दुपारी बारा-एकच्या सुमारास, जो काही उजेड असेल त्यात, कोट-टोपी घालून अर्धा तास बाहेर पडायचं. ढग असले तरी चालतं. रात्री जिन्यातला दिवा चालू राहू द्या. दिव्याचं बिल मी देते.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. मी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं उभी आहे, म्हणून हे जरा लांबवते. भारतातून येताना प्रत्येकाच्या बॅगेत औषधांची एक पिशवी असते. तिकडे मुलाने किंवा भाच्याने डॉक्टरांना दाखवलेलं असतं, डॉक्टरांनी काहीतरी लिहून दिलेलं असतं. इथली औषधं इथे घरात आहेतच. मग दोन्ही सुरू राहतात, कारण नावं वेगळी. लक्षात घ्या, क्रोसिन, डोलो आणि इथलं साधं पॅरासिटामॉल हे एकच औषध आहे. इथली गोळी 500 मिलिग्रॅमची, डोलो 650 ची. त्यावर सर्दीसाठी लेमसिप घेतलं तर त्यातही पॅरासिटामॉलच आहे. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. अ‍ॅमलाँग म्हणजे इथल्या डब्यावर लिहिलेलं अ‍ॅमलोडिपिन. दोन डब्यांतून एकच गोळी दोनदा पोटात गेली तर रक्तदाब इतका उतरतो की उठल्यावर चक्कर येते, आणि आपण म्हणतो प्रवासाचा शीण आहे. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ज्यांना इथे रक्त पातळ करण्याची दुसरी गोळी चालू आहे त्यांनी ती विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. स्वतःच्या मनाने काही बंदही करू नका. सगळी पिशवी, दोन्हीकडची, जशी आहे तशी उचला आणि कोपऱ्यावरच्या फार्मसीत नेऊन काउंटरवर ठेवा. फार्मासिस्ट बघून सांगतात, पैसे पडत नाहीत, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागत नाही. लाजायचं तर मुळीच कारण नाही. आम्ही याहून मोठ्या पिशव्या पाहिल्या आहेत. एकदा एका गृहस्थांच्या पिशवीत औषधांबरोबर अर्धा किलो हिंग होता, आमची खिडकी आठवडाभर दरवळत होती.

ख्रिसमसच्या आठवड्यात डॉक्टरांचे दवाखाने 25 आणि 26 ला बंद, पुन्हा 1 जानेवारीला बंद. रोजच्या गोळ्या संपायला आल्या असतील तर या आठवड्यातच मागवा. दवाखाना बंद असताना काही वाटलं तर 111 ला फोन करा, आणि ताप असेल तर पहिल्या वाक्यात सांगा की मी नुकतीच भारतातून आले आहे. ते विचारतील म्हणून थांबू नका. मलेरियाचा ताप परत आल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकतो. तसंच इतक्या तासांच्या विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि सूज नसतानाही धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ 999.

घराबद्दल थोडक्यात. महिनाभर बंद असलेले नळ पहिल्या दिवशी काही मिनिटं वाहू द्या, मगच पाणी घ्या. ज्या खोलीत बसता-झोपता ती निदान 18 अंशांवर ठेवा, असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. दोन स्वेटर घालून हीटर बंद ठेवणं ही काटकसर वयाच्या सत्तरीनंतर महाग पडते. आता कुणीतरी म्हणेल, बिल कोण भरणार? म्हणून दारामागे पडलेल्या पत्रांचा ढीग आजच्या आज उपसा. त्यात हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं पत्र असेल तर ते पहिलं, कारण तारीख चुकली आणि कळवलं नाही तर नाव यादीतून निघू शकतं. मग ब्राउन पाकिटं. पेन्शन क्रेडिट मिळत असेल तर त्याबरोबर कडाक्याच्या थंडीत सलग सात दिवसांमागे 25 पौंड कोल्ड वेदर पेमेंट येतं. पण चार आठवड्यांपेक्षा जास्त परदेशी राहिलात तर पेन्शन क्रेडिट सहसा थांबतं. घरातलं जवळचं माणूस गेलं म्हणून किंवा उपचारासाठी राहावं लागलं तर मुदत जास्त मिळते, पण ते कळवावं लागतं. पत्र समजलं नाही तर ते घेऊन रविवारी इथे या, समितीतले दोघे जण चष्मा लावून बसलेले असतात. आणि हो, याच दिवसांत पेन्शनीत सरकारचा 10 पौंडांचा ख्रिसमस बोनस दिसेल. तो 1972 साली 10 पौंडच होता, अजून 10 च आहे. चुकून आले म्हणून परत पाठवू नका!

हे सगळं झालं हाताने करायचं. न दिसणारी एक गोष्ट बोलायची आहे.

कामावर परत गेले त्या सोमवारी खिडकीभोवती चमचमत्या माळा लागल्या होत्या, कुणीतरी सांताची टोपी घातली होती. सगळ्यांनी प्रेमाने विचारलं, हॉलिडे छान झाला का? मी म्हटलं, हो, छान. मी गेले होते आईच्या वर्षश्राद्धाला, आणि साताऱ्याचं घर रिकामं करायला. भावाने आणि मी मिळून तीन आठवडे भांडी काढली, ट्रंका काढल्या, देव वाटून घेतले. अन्नपूर्णा माझ्याकडे आली, बाळकृष्ण भावाकडे गेला. पुढच्या वर्षी भारतात गेले तर पाहुणी म्हणून जाईन. हे हॉलिडे या शब्दात बसत नाही, आणि गोळ्या मोजता मोजता सांगताही येत नाही. विचारणाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे विमानाने ऊन असलेल्या देशात जाण्याला तोच शब्द आहे. त्याच आठवड्यात ख्रिसमसची पाळी लावायची होती. दिवाळीला सुट्टी घेतली की 25 डिसेंबरला आपण उभं राहायचं, हा आमचा जुना अलिखित करार आहे आणि मला तो आवडतो. यंदाही मी आहे.

आपल्यातल्या किती जणांनी यंदा असं काहीतरी करून परत पाऊल ठेवलंय, ते मला माहीत आहे. कुणी यजमानांच्या अस्थी नाशिकला नेल्या. कुणी जमिनीच्या कागदांवर शेवटची सही केली. परत आल्यावर रस्त्यावर रोषणाई, दुकानांतून गाणी, आणि शेजारी विचारतात, ख्रिसमसची तयारी झाली का? अशा वेळी माणूस गप्प होतं. मुलांना सांगत नाही, कारण मुलांना वर्षअखेरीची कामं आहेत. इथे येऊन बोला. उत्तर मिळेलच असं नाही, पण इथे कुणी हॉलिडे म्हणणार नाही.

आता समितीची विनंती, हीच मुख्य.

25 डिसेंबरला लंडनमध्ये बस नाही, ट्यूब नाही, मोठी दुकानं कायद्याने बंद. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी तो वर्षातला सर्वात लांब दिवस असतो. मंदिर त्या दिवशी सकाळी 11 ते 3 उघडं राहील, दुपारी साधा महाप्रसाद असेल. यादीत आत्तापर्यंत एकोणीस ज्येष्ठ आहेत, गाडी चालवणारे चारच. आम्हाला निदान आठ हवेत. नेणं आणि परत घरात सोडून दिवा लागलेला पाहून निघणं, एवढंच काम.

दुसरं, सहाचा फोन. आजपासून संक्रांतीपर्यंत, नुकतेच परत आलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला रोज संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान एक फोन जावा अशी योजना आहे. फोन करणारा तरुणच हवा असं नाही. काकू, तुम्ही करू शकता. तुम्हालाही त्या वेळी कुणीतरी बोलायला हवंच असतं. काय बोलायचं असा प्रश्न पडला तर जेवायला काय केलंत ते विचारा, पुढचं आपोआप सुचतं. दोनदा फोन उचलला नाही तर समितीला कळवायचं, आम्ही दार वाजवून येऊ.

तिसरं, खोलीत ठेवायचे थर्मामीटर, गरम पाण्याच्या पिशव्या आणि जाड ब्लँकेटं जमा करत आहोत. धुतलेली असावीत, आठवण म्हणून जपलेली नसावीत. रोख देणगी द्यायची असेल तर पावती घेऊनच द्या.

एक गोड बातमी. 16 तारखेच्या आसपास धुंधुरमास सुरू होतो. सूर्योदयाला नैवेद्य दाखवून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी खायचं. साताऱ्यात आई त्यासाठी पहाटे चारला उठायची. इथे सूर्य आठला उगवतो, म्हणजे धुंधुरमास लंडनच्याच हिशोबाने ठरवलेला असावा. त्या महिन्यातल्या दर रविवारी सकाळी आठला इथे खिचडी आहे. प्रसादाचे पेढे भारतातून आणू नका, दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि प्रसाद कचऱ्यात गेलेला पाहवत नाही. खडीसाखर आणा.

आणि शेजाऱ्यांनाही घेऊन या. माझ्या शेजारच्या बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी नसताना त्यांनी माझी पत्रं उचलली, येण्याच्या आदल्या दिवशी किल्लीने उघडून हीटर लावून ठेवला. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, 25 ला त्याही एकट्याच आहेत. मी कामावर असेन, त्यांना इथे कोण आणणार ते ठरायचं आहे.

वही प्रसादाच्या टेबलावर आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. डाव्या पानावर ज्यांना गाडी हवी त्यांची नावं, उजव्या पानावर ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची. उजवं पान बरंच कोरं आहे. चहा झालेला दिसतोय.