पिकअपच्या पाठीवरचा लाल दिवा



जुन्नर, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातला भाजीपाला रात्री पिकअपमध्ये चढतो, माळशेज उतरतो आणि पहाटे कल्याणच्या बाजारात पोचतो. पावसाळ्यात खुबी फाटा ओलांडला की ढगच रस्त्यावर टेकलेला असतो. ड्रायव्हरचा जीव तेव्हा पुढच्या काचेत अडकलेला असतो. म्हणून फॉगलाइट म्हटलं की पुढच्या बंपरवरचे पिवळे दिवे आठवतात. ते जरूर बसवा. पण टोमॅटोचे क्रेट रचलेली पिकअप घाटात हळू चालते, आणि तिला धोका असतो तो मागून येणाऱ्या गाडीचा. त्या गाडीला आपण वेळेत दिसावं म्हणून पाठीवर एक वेगळा लाल दिवा लागतो. त्याला रिअर फॉग लॅम्प म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलतो.

कुणी म्हणेल, मागे लाल दिवे आहेतच की. आहेत, पण साध्या टेल लॅम्पचा बल्ब असतो ५ वॅटचा. रिअर फॉग लॅम्पमध्ये बल्ब असतो २१ वॅटचा, म्हणजे ब्रेक लाइटएवढा. युरोपातल्या नियमांप्रमाणे टेल लॅम्पचं तेज किमान ४ कँडेला असलं तरी चालतं. फॉग लॅम्पचं मात्र किमान १५० हवं. शिवाय पिकअपचा टेल लॅम्प चिखलाच्या माऱ्यातच असतो. घाट उतरून मोरोशीला चहाला थांबलात की मागे जाऊन काचेवरून बोट फिरवून बघा, बोटाला राड लागते.

तेज जवळजवळ चाळीसपट झालं म्हणून दिवा चाळीसपट लांबून दिसेल, असं मात्र नाही. धुक्यात प्रकाश पावलागणिक विखुरला जातो. दाट धुक्यात या जादा तेजाने फार तर तीस-चाळीस मीटर जास्तीचे मिळतात. ऐकायला किरकोळ वाटतं. आता हिशेब करा. ताशी ६० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, म्हणजे २५ मीटर संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पंचवीस-तीस मीटर लागतात. हे जास्तीचे तीस मीटर मिळाले, तर मागचा ब्रेक मारून थांबतो. नाही मिळाले, तर आपल्या हौद्यात शिरतो.

लाल प्रकाश धुकं भेदून जातो असं पुष्कळांच्या तोंडी असतं. तसं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. मागचा दिवा लाल असतो, कारण लाल दिसला की पुढे गाडीची पाठ आहे हे जगभरातल्या ड्रायव्हरला कळतं. म्हणून मागच्या बाजूला पांढरा किंवा निळा झगझगीत दिवा लावू नका. लुकलुकणाऱ्या एलईडीच्या माळा तर नकोतच. धुक्यात त्यांच्यावरून अंतराचा अंदाजच येत नाही.

चारही इंडिकेटर चालू ठेवून घाट उतरणारे खूप आहेत. त्यांची काळजी खरी आहे, पण चारही चालू असले की वळायचा इशारा देता येत नाही, आणि गाडी चालतेय की बंद पडलीय हेही मागच्याला उमगत नाही. फॉग लॅम्प सतत जळतो आणि इंडिकेटर मोकळे राहतात.

दिवा कुठे बसवायचा, याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे बरेच जण तो फाळक्यावर मारतात, कारण तिथे भोकं पाडायला सोपं. पण माल लांब असला की फाळका खाली सोडून साखळीवर ठेवला जातो, आणि मग दिवा बघतो जमिनीकडे. दिवा हवा चॅसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर किंवा मागच्या गार्डवर, जमिनीपासून २५ सेंटिमीटर ते १ मीटर या उंचीत. एकच बसवणार असाल तर उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. मागच्याला ओव्हरटेक करताना तीच बाजू आधी दिसते. ब्रेक लाइटपासून तो किमान १० सेंटिमीटर लांब असावा. दोन्ही दिवे तेवढ्याच तेजाचे. खेटून बसवले तर ब्रेक कधी लागला हे मागच्याला कळायचं नाही. माझं मत विचाराल तर पिकअपला एकच बसवा, दोन लालभडक दिवे म्हणजे ब्रेक लाइटचीच जोडी वाटते. दिवा घेताना काचेवरची खूण बघा. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेल्या रिअर फॉग लॅम्पवर एफ हे अक्षर कोरलेलं असतं.

वायरिंग चांगल्या कारागिराकडूनच करून घ्या. टेल लॅम्पची वायर सोलून तिथूनच जोड मारायचा, हा झटपट उपाय नको. त्या वायरीवर जादा भार पडतो आणि एक फ्यूज उडाला की मागे पूर्ण काळोख. बॅटरीपासून फ्यूज घालून स्वतंत्र वायर काढा आणि मधे रिले ठेवा. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपियरच्या आसपास खेचतो, ५ अँपियरचा फ्यूज पुरतो. रिलेला इशारा डिपरच्या वायरवरून द्या, म्हणजे हेडलाइट बंद होताच हा दिवाही बंद होईल. वायर चॅसिसच्या आतल्या अंगाने न्या, सायलेन्सर आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. अर्थिंगसाठी चॅसिसचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, लग घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेली चोपडा. पावसाळ्यात दिवे रुसतात ते बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थिंगमुळे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. दिवा ही बाब लहान असली, तरी पासिंगला जाण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत कळकळीने सांगायची आहे. धुकं संपताच हा दिवा बंद करा. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासूनच्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा आहे, आणि १०० मीटरच्या आतलंच दिसत असेल तेव्हाच तो लावावा, असं तिथल्या ड्रायव्हरना शिकवतात. स्वच्छ हवेत किंवा नुसत्या रात्री तो मागच्याच्या डोळ्यांत घुसतो आणि त्याच्या झगमगाटात आपला ब्रेक लाइट हरवतो. म्हणून डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण हवं, आणि दिवा चालू असल्याचं सांगणारा छोटा पिवळा दिवा अगदी नजरेसमोर हवा.

काम झालं की जोडीदाराला मागे वीस पावलांवर उभं करा. हेडलाइट लावा, बटण दाबा, मग ब्रेक दाबा; ब्रेक लाइट वेगळा ओळखू येतो का ते त्याला विचारा. हेडलाइट बंद करा. लाल दिवा विझला पाहिजे. फाळका सोडून पुन्हा बघा, काही झाकलं तर जात नाही ना. एवढं जमलं की मगच कारागिराचे पैसे द्या.