खान, कान्हा की कानबाई?

बोदवडला मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. एकदा चाचणीत प्रश्न दिला : खानदेश हे नाव कशावरून पडलं? बहुतेक मुलांनी वहीतलं उत्तर उतरवलं. गुजरातच्या सुलतानाने फारुकी राजा नासिर याला 'खान' ही पदवी दिली, त्यावरून खानदेश. एका मुलीने मात्र लिहिलं, 'कानबाईचा देश, म्हणून खानदेश. आजीने सांगितलं.' मी लाल फुली मारली. वर वर्गात वाचूनही दाखवलं. मुलं हसली. ती खाली मान घालून बसली.

पुढे स्वतःच वाचत गेलो तेव्हा कळलं, की माझं उत्तरही पक्कं नव्हतं. 'खान' पदवीची हकिकत जुन्या गॅझेटिअरात आहे खरी. पण मूळ नाव कान्हदेश, म्हणजे श्रीकृष्णाचा देश, असंही मानणारे अभ्यासक आहेत. त्याही आधी यादवांच्या काळात आपल्या भागातला बराचसा मुलूख सेऊणदेशात मोडत होता. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

यात एका नावाचा पुरावा मात्र अगदी चोख आहे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, सुभा शाहजादा दानियालकडे दिला आणि त्याच्यावरून नाव ठेवलं 'दानदेश'. 'ऐन-ए-अकबरी'त तशी नोंदच आहे. १६०५ मध्ये दानियाल वारला. आज दानदेश म्हटलं तर बोदवडच्या बाजारात कुणाला कळेल?

रशियातही असंच झालं. सेंट पीटर्सबर्गचं १९१४ मध्ये पेट्रोग्राड झालं, १९२४ मध्ये लेनिनग्राड. १९९१ मध्ये लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं.

नाव ठेवतो राजा, पण टिकवतात माणसं. कानबाईवरून खानदेश, याला लेखी पुरावा मला अजून सापडलेला नाही. म्हणून त्या मुलीला पूर्ण गुण देता आले नसते. पण फुली मारण्याऐवजी 'आजीला हे कुणी सांगितलं, विचारून ये' एवढं तरी म्हणता आलं असतं. इतिहासाचा तास तिथून सुरू झाला असता.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, गल्लीत कानबाई बसते. रोटांचा वास दारापर्यंत येतो. आणि ती लाल फुली मला दर वर्षी आठवते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)