सुताराचे नाव चैत्याच्या दाराशी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



आपण कार्ल्याची लेणी पाहायला जातो. चैत्यगृहात मान वर करून बघा. छताला लाकडाच्या कमानी दिसतील. त्या सुमारे २००० वर्षांच्या आहेत. दाराशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या 'वढकि'ने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केले, असे त्यात नोंदले आहे. वढकि म्हणजे सुतार. धम्माच्या वास्तूवर कारागिराचे नाव असे मानाने कोरलेले आहे.

आज आपल्या वस्तीत दहावीला अडकलेली पोरं नुसती बसून आहेत. त्यांना सुतारकाम सुचवलं की आईबाप विचारतात, "बाबासाहेबांनी असली कामं सोडायला सांगितली ना?" शंका रास्त आहे. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जन्माने लादलेली वतनाची कामं. त्यासाठीच त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचे बिल मांडले. सुतारकी तर गावगाड्याने आपल्याला शिकूच दिली नाही. ती शिकणं म्हणजे जातीचं कुंपण ओलांडणंच आहे.

आणि काम आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ सालचा, दर्शनी भाग कोरीव लाकडाचा. असे जुने वाडे दुरुस्तीला निघतात. खांबाचा बुंधा कुजला तर अख्खा खांब काढत नाहीत. टेकू देऊन वरचा भार धरतात, कुजके तेवढे कापतात आणि मुरलेल्या सागाचा तुकडा जुन्याला सांधतात. कुसू खोबणीत नेमके बसावे लागते. प्लायवूडचे कपाट करणाऱ्या प्रत्येकाला हे जमत नाही. म्हणून जाणत्या मिस्त्रीला मान आहे.

आठवी पास मुलामुलींना आयटीआयमध्ये लाकूडकामाचा १ वर्षाचा कोर्स करता येतो. पुढे वाडे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकावे. मात्र मजुरी आधीच ठरवून घ्यावी. फुकट राबू नये. स्वतःचा धंदा करणाऱ्या सुतारासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि विनातारण पहिले कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, अशी सोय आहे.

ज्याला पुढे शिकायचंय त्याने शिकावंच. पण ज्याचा हात चालतो त्याला कमी लेखू नका. कष्टाची, कुणाला न दुखावणारी कमाई ही सम्यक आजीविकाच आहे. आपल्या विहाराचे नवे दार आपल्याच लेकराच्या हातून घडावे, एवढीच आमची मंगलकामना.

नमो बुद्धाय! जयभीम!