बिबट्यांची गणना आणि माणसांची विचारपूस



विज्ञानाचा प्रकल्प लोकवस्तीत न्यावयाचा, तर आधी प्रश्न ठरवावा, मग पद्धत. आपल्याकडे बहुधा प्रश्नावलीच आधी छापून तयार असते!

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पाहा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनाला वस्ती अगदी भिडली आहे. २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत तेथे अनेक माणसे दगावली. मागणी झाली ती पिंजऱ्यांची. २०११ मध्ये वन विभागाने संशोधक व नागरिक यांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम आरंभिला.

बिबटे किती, हे स्वयंचलित कॅमेरे सांगतात. २०१५ च्या अभ्यासात उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे ओळखले गेले. परंतु कचरा कोठे साचतो, मुले अंधारात एकटी बाहेर जातात काय, लोकांना भीती नेमकी कशाची, हे जाणण्यास पाड्यावर बसून बोलावे लागते. वाघोबाला पूजणाऱ्या वारली वृद्धेपुढे ‘होय-नाही’च्या चौकटी ठेवून काय हाती लागणार? इमारतींतील रहिवाशांसाठी मात्र सोसायटीची सभाच बरी. एक बिबट्या हलविल्यावर त्या रिकाम्या जागेत दुसरा येऊ शकतो, हे पिंजरा मागणाऱ्यास तेथे समोरासमोर सांगता येते, आणि त्याचे म्हणणेही ऐकता येते.

जमविलेली माहिती पाड्यावर परत नेऊन वाचून दाखवावी. चुकीची नोंद तेथेच दुरुस्त होते.