खिशातील पेन ड्राइव्ह, लोकांची ठेव

(खामगाव येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाचे शास्त्र मला अवगत आहे, असा दावा मी करणार नाही. तरीही या विषयावर बोलण्याचे निमंत्रण स्वीकारले, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा जिल्हाही होता. त्यानंतर काही वर्षे मी मेहकर-लोणार भागात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जात असे. २३ घरांची माहिती जमली होती. नावे, फोन क्रमांक, सातबाऱ्याची आणि बँकेच्या पासबुकांची छायाचित्रे, सावकारांची नावे. एका भगिनीने तर शासनाकडून मिळालेल्या मदतीवरून सासरी चाललेला वाद सांगितला होता, तो घराबाहेर जाऊ नये या अटीवर. हे सारे मी एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवले. चिखलीच्या बसस्थानकावर गर्दीत गाडीत चढताना तो शर्टाच्या खिशातून गेला. पडला की कोणी काढून घेतला, हे आजही ठाऊक नाही. तक्रार लिहून देताना वस्तूची किंमत विचारण्यात आली. मी सांगितली, साडेतीनशे रुपये.

त्या भगिनीकडे मी स्वतः जाऊन ही गोष्ट सांगितली. तिने शांतपणे विचारले, “भाऊ, हारपलं ते तुमचं का आमचं?”

मित्रहो, असे प्रसंग मोठमोठ्या सरकारांवरही आले आहेत. २००७ मध्ये ब्रिटनच्या कर खात्याने बालक भत्ता घेणाऱ्या कुटुंबांची माहिती दोन सीडींवर भरून टपालाने पाठविली. त्या सीडी पोहोचल्याच नाहीत. सुमारे अडीच कोटी लोकांची नावे, जन्मतारखा आणि बँक खाती त्यांत होती. खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्या सीडींना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हते. नुसता पासवर्ड म्हणजे दाराची कडी. आतील मजकूर जसाच्या तसा असतो आणि जाणकार मनुष्य कडी बाजूला सारून तो वाचू शकतो. एन्क्रिप्शनमध्ये मजकूरच गणिती पद्धतीने निरर्थक अक्षरांत बदलला जातो आणि योग्य किल्लीवाचून तो पुन्हा जुळत नाही. आपल्याकडील जुन्या राजकीय पत्रव्यवहारात नाजूक मजकूर कागदावर न उतरविता जासुदाच्या मुखी देत असत. थैली शत्रूच्या हाती पडली तरी मर्म हाती पडू नये, हाच त्यामागील विचार.

याउलट उदाहरण जपानचे. २०२२ च्या जून महिन्यात आमागासाकी शहरातील सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला पेन ड्राइव्ह कंत्राटदाराच्या माणसाने बॅगेत घेतला, काम संपल्यावर मद्यपान केले आणि रस्त्यावरच झोपी गेला. जाग आली तेव्हा बॅग नव्हती. परंतु माहिती एन्क्रिप्ट केलेली होती. पुढे बॅग सापडली आणि माहिती फुटल्याचे आढळले नाही. (पासवर्ड किती अक्षरांचा आहे, हे अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकले, ती गोष्ट निराळी!)

माझा पेन ड्राइव्ह कुलूपबंद असता, तर माझे नुकसान खरोखरच साडेतीनशे रुपयांचे झाले असते. ही सोय खर्चिक नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते. होम आवृत्तीत त्याने लावलेले कुलूप उघडता येते, लावता मात्र येत नाही. अशांसाठी व्हेराक्रिप्ट हा विनामूल्य प्रोग्राम आहे. किल्लीचे शब्द लांब असावेत आणि ते लिहिलेली चिठ्ठी त्याच पाकिटात नसावी. मात्र किल्ली विसरली, तर आपणही बाहेरच राहतो. म्हणून दुसरी प्रत घरी कपाटात हवीच. फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे ती गेली, या भ्रमातही राहू नये. पुसलेली फाइल परत मिळविणारे प्रोग्राम कोणालाही सहज मिळतात.

मोबाइलविषयी बऱ्याच सुशिक्षितांचा एक गैरसमज दिसतो. संचार साथी या शासकीय सेवेद्वारे हरवलेला हँडसेट बंद करता येतो आणि तो अवश्य करावा. त्यामुळे तो फोन देशातील मोबाइल जाळ्यावर चालत नाही, एवढेच. आतील मेमरी कार्ड काढून दुसरीकडे घातले की लग्नाची छायाचित्रे, आधार कार्डाची प्रत, सारे साध्या कार्डावर उघडे पडते.

येथे पतसंस्थांचे संचालक बसले आहेत, डॉक्टर आहेत, शिकवणी वर्ग चालविणारे आहेत. संपर्क याद्या सांभाळणारे कार्यकर्ते तर बहुसंख्य आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. पण यादीतील माणसाने आपला फोन क्रमांक दिला, तो कायदा वाचून दिला नव्हता.

त्या २३ घरांपैकी १४ घरी जाऊन मी घडले ते सांगितले. नऊ घरे राहिली. काहींनी गाव सोडले, काहींकडे जाण्याचे धैर्य मला झाले नाही. दोन पत्ते लोणारजवळचे आहेत. येथून परवा तिकडेच निघणार आहे.